थोरली, मधला, धाकटी: एका घराला लागलेल्या तारखा

ह्यूस्टन शहरातलं एक घर डोळ्यांसमोर धरू. आईवडील मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातले. १९९९ साली कोणतेही कागद नसताना सीमा ओलांडून टेक्ससमध्ये आले. सोबत चार वर्षांची थोरली होती. मधला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. एवढ्याशा पोराला घेऊन रात्रीच्या वाटा तुडवायची हिंमत झाली नाही, म्हणून त्याला आजीजवळ ठेवलं. धाकटी २००२ साली ह्यूस्टनमध्येच जन्मली. पुढे आजी थकली, आणि ऑगस्ट २००७ मध्ये दहा वर्षांच्या मधल्यालाही आणवून घेतलं.

हे घर मी रचलेलं आहे. अशा खऱ्या घराची ओळख पटेल असं काही लिहिणं त्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून. पण त्यांच्या आयुष्यात पुढे येणारी कायद्याची प्रत्येक तारीख, प्रत्येक अट आणि न्यायालयाचा प्रत्येक आदेश खरा आहे. थोरलीच्या परवान्याच्या तारखा तेवढ्या मी त्या नियमांत बसवून घेतल्या आहेत.

हे प्रकरण मला मांडावंसं वाटलं ते एका कारणासाठी. स्थलांतराच्या धोरणावर बोलताना आपण 'बेकायदा आलेले लोक' असा एकच ढीग करतो. धोरण मात्र ढिगावर पडत नाही. ते एका पंगतीला बसलेल्या तीन भावंडांना तीन वेगळी आयुष्यं वाढतं, आणि दर दोन-चार वर्षांनी ते ताट पुन्हा ओढून घेतं.

शाळेचं दार

टेक्ससने १९७५ मध्ये कायदा करून कागद नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा सरकारी पैसा थांबवला होता. टायलर या गावच्या शाळांनी अशा मुलांना वर्षाला हजार डॉलर फी लावली. पालक कोर्टात गेले. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की आईवडिलांच्या कृतीची किंमत मुलांकडून वसूल करता येणार नाही. तेव्हापासून बारावीपर्यंतची सरकारी शाळा प्रत्येक मुलाला खुली आहे.

त्यामुळे या घरातली तिन्ही मुलं एकाच शाळेत गेली, सकाळी एकाच झेंड्यापुढे उभी राहिली. आपल्यात काही फरक आहे हे त्यांना कळायला वेळ लागला. रॉबर्टो गोन्झालेस या समाजशास्त्रज्ञाने अशा तरुणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात पुन्हा पुन्हा दिसतं, की सोळा ते अठरा या वयात मुलं अचानक अडखळतात. मैत्रिणी गाडीचं लायसन्स काढायला जातात, कुणी सुट्टीत दुकानात नोकरी धरतं, कुणी कॉलेजच्या मदतीचा फॉर्म भरायला घेतं, आणि घरी येऊन विचारतं: आई, माझा सोशल सिक्युरिटी नंबर काय? नोकरीला लागणारा हा सरकारी क्रमांक कागद नसलेल्यांना मिळतच नाही. आई गप्प होते. काही मुलांना त्या क्षणापर्यंत खरोखरच काही माहीत नसतं.

या मुलांसाठी कायदा करायचा प्रयत्न जुना आहे. डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी २००१ मध्ये 'ड्रीम ॲक्ट' मांडला. या मुलांना 'ड्रीमर' म्हणतात ते त्यावरूनच. त्यावरची सुनावणी १२ सप्टेंबर २००१ला ठरली होती. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि सुनावणी राहूनच गेली. डिसेंबर २०१० मध्ये विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये ६० मतं हवी होती तिथे ५५ पडली.

'रांगेत का उभे राहत नाहीत?'

हा प्रश्न आपल्याकडचे सुशिक्षित लोक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

या घरासाठी रांगच नाही. १९९६च्या कायद्याने अशी तरतूद केली, की कागदांविना १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि वर्षाहून जास्त राहिला असाल तर दहा वर्षं. अठरा वर्षांखालच्या मुलांचे हे दिवस मोजत नाहीत, मोजणी अठराव्या वाढदिवसाला सुरू होते. म्हणजे मुलगी साडेअठरा वर्षांची झाली, की 'मायदेशी जा आणि रीतसर अर्ज कर' हा सल्ला तिला तीन वर्षांसाठी हद्दपार करतो, एकोणिसाव्या वाढदिवसानंतर दहा वर्षांसाठी. आणि जिथे परत जायचं, त्या पुएब्लाची आठवण तिच्याजवळ चार वर्षांच्या मुलीची आहे.

धाकटी जन्माने नागरिक आहे. एकवीस वर्षांची झाली की ती आईवडिलांसाठी अर्ज करू शकते, हेही खरं. पण ते तपासणी नाका टाळून आलेले असल्याने त्यांना ग्रीन कार्डासाठी देशाबाहेर जावं लागतं. बाहेर पडले की दहा वर्षांची बंदी. ती माफ करून घ्यायची तर नवरा, बायको किंवा आईवडील यांपैकी कुणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं, आणि आपण नसलो तर त्यांची कमालीची ओढाताण होईल हे दाखवावं लागतं. पोटच्या मुलीची ओढाताण त्यात धरत नाहीत. मला या सगळ्या कायद्यातली ही सर्वात कठोर ओळ वाटते.

पत्ता द्यायचा की नाही

१५ जून २०१२. प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी ओबामा सरकारने 'डिफर्ड ॲक्शन फॉर चाइल्डहूड अरायव्हल्स' ही योजना जाहीर केली. आद्याक्षरं जोडून तिला 'डाका' म्हणतात. हा शब्द मराठी कानाला दरोड्यासारखा लागतो, पण ही योजना म्हणजे एक तात्पुरतं अभय होतं. ती कायदा नव्हती. गृहसुरक्षा खात्याच्या मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांच्या सहीचं ते एक परिपत्रक होतं. त्याने नागरिकत्व मिळत नव्हतं, ग्रीन कार्डही नाही. दोन वर्षं तुम्हाला हाकलणार नाही, तेवढ्या काळात नोकरी करा, सोशल सिक्युरिटी नंबर घ्या, इतकंच. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा फी. सुरुवातीला ती ४६५ डॉलर होती.

अटी नेमक्या होत्या. सोळाव्या वाढदिवसाआधी आलेलं असावं. १५ जून २०१२ रोजी वय ३१च्या आत असावं. आणि १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहिलेलं असावं.

थोरली या सगळ्यात बसत होती. मधला ऑगस्ट २००७ मध्ये आला होता. दोन महिन्यांनी हुकला. त्याला आजीजवळ ठेवायचा निर्णय आईने १९९९ साली मायेपोटीच घेतला होता. २०१२ साली त्या मायेची ही किंमत निघाली.

अर्ज १५ ऑगस्टपासून घेऊ लागले, पण या घराने वर्षभर केला नाही. कारण साधं आहे: अर्जावर पत्ता लिहावा लागतो. आजवर सरकारच्या नजरेआड राहायचं शिकवलं, आणि आता आपण होऊन लिहून द्यायचं की आमची मुलगी या घरात राहते? त्या घरात तर आईवडील आहेत, मधला आहे. ही माहिती धरपकडीसाठी वापरणार नाही असं सरकार म्हणत होतं, पण ती ग्वाहीही परिपत्रकाच्याच तोलामोलाची. सरकार बदललं की ती टिकेल का, हे कोण सांगणार?

शेवटी थोरलीने हट्ट धरला. मग पुरावे जमवणं सुरू झालं. रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खेटे मारलेल्या आपल्या माणसांना हा प्रकार लगेच समजेल. फरक इतकाच, की इथे लपून राहिलेल्यांना सिद्ध करायचं होतं की आम्ही पूर्ण वेळ इथेच होतो. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या पावत्या, चर्चमधल्या बाप्तिस्म्याचा कागद, शाळेच्या वार्षिकांकातला फोटो. आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं जपलं होतं. अशा घरांमधून कागद सहसा फेकत नाहीत.

२१ मार्च २०१४ रोजी थोरलीला मंजुरी मिळाली. एका महिन्यात तिने लायसन्स काढलं, कारण टेक्सस कागद नसलेल्यांना लायसन्स देत नाही आणि ह्यूस्टनमध्ये गाडीशिवाय माणसाला पाय नाहीत. मग नर्सिंगला प्रवेश. घरातली सगळ्यांची गाडी आता ती चालवायची. मधला बाजूच्या सीटवर बसायचा.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ओबामांनी दुसरी घोषणा केली. डाकाची तारीख पुढे सरकवून १ जानेवारी २०१० केली जाणार होती. म्हणजे मधला बसत होता! शिवाय ज्यांची मुलं नागरिक आहेत अशा आईवडिलांसाठी 'डापा' नावाची वेगळी योजना येणार होती. धाकटीमुळे आईवडीलही बसत होते. सबंध घर एका छपराखाली येत होतं. मधल्याच्या गटाचे अर्ज १८ फेब्रुवारी २०१५ पासून घेणार होते. टेक्सससह २६ राज्यांनी दावा लावला आणि १६ फेब्रुवारीला टेक्ससमधले न्यायाधीश अँड्र्यू हॅनन यांनी स्थगिती दिली. अवघ्या दोन दिवसांनी संधी गेली. दाव्याचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात झाला तोवर तिथले एक न्यायाधीश, स्कालिया, वारले होते. जून २०१६ मध्ये मतं ४-४ अशी फुटली आणि स्थगिती कायम राहिली.

पहिल्यांदा दोन महिने, आता दोन दिवस. मधला तेव्हा अठरा वर्षांचाही झालेला नव्हता.

५ सप्टेंबर २०१७

ऑगस्टच्या शेवटी हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडवलं होतं. घरोघरी भिजलेले गालिचे आणि भिंतींचे पत्रे रस्त्यावर आणून टाकलेले. अशात मंगळवारी, ५ सप्टेंबरला, ट्रम्प सरकारचे महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी जाहीर केलं की डाका गुंडाळली जात आहे. टेक्सससह काही राज्यांनी नेमक्या त्या दिवसापर्यंतची मुदत दिली होती, नाहीतर कोर्टात खेचू म्हणून. तेव्हा सुमारे ६ लाख ९० हजार तरुणांकडे डाका होतं, त्यात पाचात जवळपास चार मेक्सिकोत जन्मलेले.

आदेश असा होता: ज्यांचा परवाना ५ मार्च २०१८ पर्यंत संपतो त्यांनी ५ ऑक्टोबरच्या आत शेवटचं नूतनीकरण करावं. त्यानंतर संपणाऱ्यांना ते नाही. थोरलीचा परवाना २० मार्च २०१८ला संपत होता. पंधरा दिवसांचा फरक. ज्यांना मुदत लागू होती त्यांचीही परवड थांबली नाही. एका महिन्यात ४९५ डॉलर उभे करायचे, तेही पुरातून सावरत असलेल्या शहरात. काही अर्ज टपालात रखडले, मुदतीनंतर पोचले म्हणून परत पाठवले गेले. बोभाटा झाल्यावर टपाल खात्याने दिरंगाई मान्य केली आणि ते अर्ज पुन्हा घ्यावे लागले.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला परवाना मार्चमध्ये संपणार हे कळतं तेव्हा नेमकं काय होतं? परीक्षा पास होऊन नोकरी धरता येणार नाही. लायसन्सची मुदत परवान्याला जोडलेली, तेही जाणार. गाडीचे हप्ते तिच्या नावावर. घरात एकटी तीच रीतसर पगार आणू शकत होती. आणि सरकारदरबारी आता या घराचा पत्ता होता. २०१२ साली आईला वाटलेली भीती काही अनाठायी नव्हती.

या टप्प्यावर एका अभ्यासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. घोषणेच्या पाचच दिवस आधी, ३१ ऑगस्ट २०१७ला, 'सायन्स' या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक निबंध आला. ऑरेगन राज्यात गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या नोंदी त्यांनी वापरल्या. डाकाला वयाची अट होती: १५ जून १९८१ नंतर जन्मलेल्यांनाच ती मिळे. संशोधकांनी त्या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या आया घेतल्या. बाकी सगळं सारखं, फक्त काही महिन्यांच्या फरकाने एकीला अभय मिळू शकत होतं आणि दुसरीला नाही. मग त्यांच्या मुलांकडे पाहिलं. ही मुलं अमेरिकेत जन्मलेली, नागरिक. त्यांना स्वतःला कुणी हाकलू शकत नव्हतं. चिंता आणि ताण यांच्याशी निगडित विकारांचं निदान अपात्र आयांच्या मुलांत ७.८ टक्के होतं, तर पात्र आयांच्या मुलांत ३.३ टक्के. निम्म्याहूनही कमी.

हे आकडे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. आईच्या जन्मतारखेवरून सात-आठ वर्षांचं पोर रात्री झोपतं की नाही हे ठरत होतं. आई संध्याकाळी घरी येईल ना, एवढाच त्या पोराचा प्रश्न असतो. ह्यूस्टनच्या घरातल्या धाकटीकडे अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे, पण २०१७च्या त्या महिन्यांत तीही दाराची बेल वाजली की उठून आधी खिडकीशी जायची.

खटला

८ सप्टेंबरला कॅलिफोर्निया विद्यापीठाने सरकारवर दावा लावला. त्या विद्यापीठाच्या अध्यक्ष तेव्हा जॅनेट नेपोलिटानोच होत्या. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी परिपत्रकावर सही केली, त्याच आता ते वाचवायला कोर्टात उभ्या होत्या. ९ जानेवारी २०१८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी आदेश दिला, की आधीपासून डाका असलेल्यांची नूतनीकरणं चालू ठेवा. पुढच्या महिन्यात ब्रुकलिनच्या न्यायाधीशांनी तसाच आदेश दिला. थोरलीने त्याच आठवड्यात अर्ज टाकला आणि मार्चमध्ये, परवाना संपायच्या बेतात, पुढची दोन वर्षं हाती आली. नव्यांना मात्र दार बंदच राहिलं.

सर्वोच्च न्यायालयात १२ नोव्हेंबर २०१९ रोजी युक्तिवाद झाला. डाकाधारकांच्या बाजूच्या वकिलांमध्ये लुईस कोर्टेस रोमेरो बसले होते. ते स्वतः डाकाधारक. म्हणजे ज्या खटल्यात ते वकील होते, त्याच्याच निकालावर त्यांचा काम करायचा परवाना अवलंबून होता. पुढे मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा वकिलांनी न्यायालयाला पत्र लिहून लक्ष वेधलं, की सुमारे २७ हजार आरोग्यसेवक डाकावर काम करत आहेत. थोरली तोवर त्यांतली एक झालेली होती.

१८ जून २०२०ला ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी तो लिहिला. पुष्कळांनी तो 'डाका कायदेशीर ठरली' असा वाचला, आणि ते चूक आहे. डाका चांगली की वाईट हे आम्ही ठरवत नाही, असं त्यांनी स्पष्टच म्हटलं. सरकार ती रद्द करू शकतं, पण ज्या रीतीने केली ती मनमानी आहे, एवढंच न्यायालयाने सांगितलं. रद्द करणाऱ्या आदेशावर सही होती प्रभारी मंत्री इलेन ड्यूक यांची, आणि त्यात कारण एकच दिलं होतं: योजना बेकायदा आहे. लोकांनी या योजनेच्या भरवशावर शिक्षण घेतलं, घरं घेतली, लग्नं केली, मुलांना जन्म दिला, याचा विचारच त्यात नव्हता. त्यांच्या नागरिक असलेल्या २ लाख मुलांपर्यंत याची झळ पोचते, हे निकालपत्रात नमूद आहे. ड्यूक यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं, की धोरणात्मक कारणं त्या आदेशात घालायला त्यांनीच नकार दिला होता, कारण ती त्यांना पटत नव्हती.

एका बाईने न लिहिलेल्या काही ओळींमुळे सहा-सात लाख माणसांची कामं टिकली. याचा आनंद मानावा की त्या विचाराने अंगावर काटा यावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं झटपट सांगतो, कारण घडलंही तसंच. जुलै २०२० मध्ये खात्याने नवे अर्ज नाकारले आणि नूतनीकरण दोनवरून एका वर्षावर आणलं. डिसेंबरमध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयाने ते उलटवलं, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा नवे अर्ज सुरू झाले. हजारो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी अर्ज केले. १६ जुलै २०२१ला हॅनन यांनी डाकाच बेकायदा ठरवली: जुन्यांची नूतनीकरणं चालतील, नव्यांना मंजुरी नाही. ज्या मुलांचे अर्ज टेबलावर होते, ते फी भरूनही तिथेच राहिले. बायडन सरकारने २०२२ मध्ये परिपत्रकाऐवजी रीतसर नियम केला, तोही त्याच न्यायालयाने बेकायदा ठरवला.

आणि १५ जून २००७ ही तारीख या सगळ्या काळात जागची हलली नाही. साधा हिशोब करा. २०२५ मध्ये अठराव्या वर्षी शाळा संपवणारी मुलं जन्मलीच मुळी २००७च्या आसपास. आज टेक्ससच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या कागद नसलेल्या मुलांत थोरलीसारखं जवळपास कुणी नाही. जवळजवळ सगळे मधले आहेत.

आपल्या घरांपर्यंत

इथे मराठी घरांचा संबंध येतो, आणि तो थेट आहे. डाकाच्या अटींत आणखी एक होती: १५ जून २०१२ रोजी तुमच्याकडे कोणताही वैध दर्जा असता कामा नये. म्हणजे पुण्याहून एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीला गेलेल्या इंजिनिअरची चार वर्षांची मुलगी, जी एच-फोर या आश्रित व्हिसावर रीतसर विमानाने उतरली, ती त्यात बसत नव्हती. आईवडिलांनी प्रत्येक नियम पाळला होता म्हणून.

नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांबली, की २०२५ मध्ये पदवीधरांच्या मुख्य गटांत २०१३च्या सुमाराला अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. मुलगी एकवीस वर्षांची झाली की ती कायद्याने 'मूल' राहत नाही आणि आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळतं. मग विद्यार्थी व्हिसा, नाहीतर जिथे आपण वाढलो नाही त्या देशात परत. एकविसावा वाढदिवस जवळ आला की या घरांतून जी शांतता पसरते, ती ह्यूस्टनच्या घरातल्या शांततेहून निराळी नाही.

धोरणाचं हेलकावणंही तसंच. ग्रीन कार्डाच्या हिशोबात मुलाचं वय कोणत्या तारखेला गोठलं असं धरायचं, ते रांगेच्या तारखा सांगणाऱ्या दोन सरकारी तक्त्यांपैकी कोणत्या तक्त्यावरून, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये खात्याने मुलांच्या सोयीने बदललं. १५ ऑगस्ट २०२५ पासून ते परत फिरवलं. आदल्या दिवशी अर्ज गेला तर मूल, दुसऱ्या दिवशी गेला तर नाही. या मुलांसाठीचं 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' हे विधेयक २०२१ मध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून आणलं, पण ते मंजूर झालं नाही.

आपल्यातले काही जण म्हणतात, आम्हाला त्यांच्यात मोजू नका, आम्ही कायद्याने आलो. ते खरं आहे, आणि तो फरक महत्त्वाचाही आहे. पण पाळण्यातल्या किंवा बालवाडीतल्या पोराने ना सीमा ओलांडायचं ठरवलं, ना विमानाचं तिकीट काढलं. आईवडिलांच्या बाबतीत आपण जो फरक करतो तो मुलांपर्यंत ओढायचा हक्क आपल्याला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पुन्हा ह्यूस्टन

४ जून २०२५ रोजी केंद्राच्या न्याय खात्याने टेक्ससवर दावा लावला: कागद नसलेल्या विद्यार्थ्यांना तुम्ही राज्यातल्या रहिवाशांच्या फीमध्ये शिकवता, ते बंद करा. ही सवलत टेक्ससनेच २००१ मध्ये देशात सर्वांत आधी दिली होती. आता राज्याने बचावच केला नाही. त्याच दिवशी ते कबूल झालं आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी सवलत रद्द केली. मधला अठ्ठावीस वर्षांचा आहे. दिवसा बांधकामावर राबून तो संध्याकाळच्या कॉलेजात एकेक विषय पुरा करत होता. आता त्याला परराज्यातल्या विद्यार्थ्यांची फी लागते.

धाकटी २०२३ मध्ये एकवीस वर्षांची झाली. वकिलाने कागद पाहून सांगितलं, की आईवडील देशाबाहेर गेले तर दहा वर्षं परतता येणार नाही. अर्ज केलेला नाही.

थोरलीसमोर जे आलं आहे ते नवीनच आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी टेक्सस ज्याच्या कक्षेत येतं त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डाकाचे दोन तुकडे केले. हाकलण्यापासून अभय हा एक, काम करायचा परवाना हा दुसरा. पहिला तुकडा राहू द्या, दुसरा बेकायदा. पण हा मनाई हुकूम फक्त टेक्ससपुरता ठेवला, आणि अंमलबजावणीसाठी प्रकरण पुन्हा हॅनन यांच्याकडे गेलं. त्याचा अर्थ असा, की टेक्ससमध्ये राहणाऱ्या डाकाधारकाला घरी बसून राहता येईल, पण नोकरी करता येणार नाही. तोच माणूस राज्याच्या सीमेपलीकडे लुइझियानात किंवा न्यू मेक्सिकोत राहत असेल तर करता येईल.

हे २०२५ साल. थोरली तीस वर्षांची आहे. तिच्या वॉर्डातल्या रात्रपाळ्या, मधल्याला सकाळी कामावर सोडणं, आईच्या साखरेच्या तपासण्या, सगळं ह्यूस्टनमध्ये आहे. परवाना २० मार्च २०२६ला संपतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या १५० ते १२० दिवस आधी करावा असं खातं सांगतं, म्हणजे २१ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर २०२५. ऑनलाइन फी ५५५ डॉलर. अर्ज तोच आहे, २०१२ मध्ये आईने भरू दिला नव्हता तो, आणि त्यात अजूनही राहत्या घराचा पत्ता लिहावा लागतो.